रुजवात

माझं अक्षर चांगलं आहे. दुसऱ्या कोणी हे सांगेपर्यंत वाट बघायचं वय आता गेलं, म्हणून मीच सांगते. परळच्या आमच्या चाळीत विहाराच्या फळ्यावरचा सुविचार मी सहावीत असल्यापासून लिहायचे. एप्रिलमधल्या जयंतीचे बोर्ड, लग्नपत्रिकांवरचे पत्ते, कुणाचा रेशनकार्डाचा अर्ज, कुणाचं गिरणीच्या साहेबाला रजेचं पत्र, सगळं फिरत फिरत माझ्याकडेच यायचं. वडील गिरणीत साचे, म्हणजे माग, चालवायचे. त्यांना स्वतःला सहीपुरतंच लिहिता यायचं, पण अक्षर कसं असावं याबद्दल त्यांची मतं एखाद्या हेडमास्तराला लाजवतील अशी होती. ते म्हणायचे, "अर्ज वाचणाऱ्याने आपलं आडनाव बघून तोंड वाकडं करायच्या आत त्याला आपलं अक्षर दिसलं पाहिजे." त्या वाक्याचा पुरता अर्थ मला नोकरीला लागल्यावर कळला.

नोकरी मिळाली ती नक्कल विभागात, गिरगावातल्या एका दगडी इमारतीत. दुसरीकडे कुठे मिळायला हवी होती? आमच्या दफ्तरात जुने कागद बस्त्यांत बांधून ठेवलेले असतात. वाटणीपत्रं, मृत्युपत्रं, खरेदीखतं, कुणाकुणाचे करार. एक प्रत ज्याची त्याच्याकडे आणि एक आमच्याकडे. ज्याची हरवते, वाळवी खाते किंवा भाऊ लपवून ठेवतो, तो आमच्याकडे अर्ज करतो. मग आम्ही बस्ता सोडायचा, तो कागद पहिल्या अक्षरापासून शेवटच्या सहीपर्यंत हाताने उतरवायचा आणि खाली 'खरी नक्कल' असा शिक्का मारायचा. त्या शिक्क्यानंतर आमचा कागद आणि मूळ कागद यांत कायद्याला फरक नाही. एवढी मोठी गोष्ट माझ्या पेनाच्या टोकावर होती आणि मला त्याची चांगलीच जाणीव होती.

शिक्क्याच्या आधी एक पायरी असते, तिला रुजवात म्हणतात. एकाने एक कागद मोठ्याने वाचायचा, दुसऱ्याने दुसऱ्या कागदावर बोट ठेवून अक्षर न् अक्षर जुळवत जायचं. यात एक जुना नियम आहे. ज्याने नक्कल केली त्याने नक्कल वाचायची नाही. कारण माणूस आपण लिहिलेलं वाचत नाही, आपल्याला लिहायचं होतं ते वाचतो. पानाच्या खाली दोन सह्या लागतात, नक्कल करणाऱ्याची आणि रुजवात घेणाऱ्याची.

आता खरं सांगायचं तर माझ्या नकलांची रुजवात फारशी कोणी घेत नसे. माझ्या शेजारच्या टेबलावर गिरगावातलेच एक सहकारी बसायचे, सज्जन गृहस्थ, आता ते हयात नाहीत. बाकीच्यांच्या नकला ते चष्मा पुसून पुसून तपासायचे. माझी पुढे आली की म्हणायचे, "तुझी ना? आण इकडे." आणि सही. सुरुवातीला एकदा त्यांनी माझी नक्कल वाचायला घेतली होती, तर मी दोन दिवस त्यांच्याशी धड बोलले नव्हते. त्यानंतर त्यांनी तो नाद सोडला. न वाचता मिळालेली ती सही मला बक्षिसासारखी वाटायची.

कॉम्प्युटर आले तेव्हा सगळ्यांना वाटलं, आता हिचं काही खरं नाही. पण टायपिंगवाल्यांना जुनी वळणं वाचता येईनात. जिथे दौत-टाकाचा कागद आला तिथे त्यांचे हात थांबायचे, मग बस्ता माझ्याकडे. अशी आणखी बरीच वर्षं गेली. मग आमच्याकडे नवीन साहेब आल्या, माझ्या भाचीच्या वयाच्या. त्यांनी पहिल्याच महिन्यात कॅमेरा आणला.

एक उभा दांडा, वरून खाली बघणारा कॅमेरा, दोन बाजूंना दोन दिवे आणि पान दाबून धरायला काच. पान ठेवायचं, बटण दाबायचं, फोटो पडद्यावर येतो, तोच छापायचा आणि त्यावर शिक्का. मॅडमनी सगळ्यांना गोळा करून सांगितलं, "यापुढे हाताने नक्कल नाही. जसा कागद तसा फोटो. मिस्टेकचा प्रश्नच नाही."

मी हात वर केला. म्हटलं, "मॅडम, कॅमेऱ्याला वाचता येतं का?"

"त्याला वाचायची गरजच नाही ना, ताई."

"मग चुकलं की त्याला कळणार कसं?"

लोक हसले. त्यांना वाटलं पोटावर पाय येतोय म्हणून मी फुरफुरतेय. तसं नव्हतं. माझ्या निवृत्तीला वर्षभर उरलं होतं, माझं पेन्शन काही कॅमेरा खाणार नव्हता. पण मला न विचारता माझ्यापेक्षा बरं काम कोणी करावं, हे मला रुचत नाही. माझा स्वभाव तसा आहे आणि तो बदलायचा माझा विचार नाही. म्हणून मी दुसरी गोष्ट केली. आठवड्याभरात कॅमेरा सगळ्यांच्या आधी शिकले. दिवे किती तिरके ठेवायचे, पिवळ्या कागदाला उजेड किती द्यायचा, सगळं. मग तो चालवायला मॅडमनी मलाच बसवलं.

आणि तिसऱ्याच दिवशी मी त्याला पकडलं. बांधलेल्या बस्त्यात पान शिवणीकडे आत वळतं. फोटोत त्या वळणात प्रत्येक ओळीची शेवटची दोन-तीन अक्षरं गडप होत होती. फोटो इतका स्वच्छ यायचा की बघणाऱ्याला काही कमी आहे असं वाटायचंच नाही. मी छापलेलं पान मॅडमच्या टेबलावर ठेवलं आणि म्हटलं, "हे वाचून दाखवा." त्यांना वाक्य लागेना. मॅडम मानी आहेत पण कोत्या नाहीत. त्याच संध्याकाळी आदेश निघाला की बस्त्याची शिवण सोडूनच फोटो काढायचा आणि फोटोप्रतीचीही रुजवात घ्यायची. त्या दिवशी मी दादरला उतरून स्वतःसाठी अबोलीचा गजरा घेतला. मी एरवी गजरा घालत नाही.

महिनाभर माझा तोरा बघण्यासारखा होता. मग लालबागहून ती बाई आली.

माझ्याच वयाची, नीट चापूनचोपून नेसलेली साडी, हातात प्लॅस्टिकची पिशवी. खिडकीशी उभी राहून म्हणाली, "माका फोटोवाली नक्कल होयी. जुनी चलना नाय म्हणतत."

मी अर्ज भरून घेतला. बाहेर गर्दी नव्हती, म्हणून तिला आत खुर्चीवर बसवलं आणि काय काम आहे ते विचारलं. तिने सरळ सांगितलं. तिची चाळ पाडून तिथे टॉवर होणार होता. नवीन घरांच्या हक्कदारांची यादी तयार होत होती. तिच्या आईवडिलांची खोली आता चुलतभावाच्या नावावर होती आणि भावाच्या मुलांनी सांगितलं होतं की नवीन घरात तिला जागा नाही. पुढच्या सोमवारी सुनावणी होती.

"तुम्ही मुलगी ना त्यांची?" मी विचारलं.

"मी तेंच्या पोटची नाय. दोन वर्साची आसताना माका गावसून हाडल्यानी. आवस सांगायची, तुका रीतसर दत्तक घेतलाव, हापिसात जावन कागद केलाव. ती गेली, मागसून बापूस गेलो. मगे मी तो कागद काढलंय. भावाच्या वकिलान वाचून दाखवल्यान. तेतूर दत्तक खयच नाय. सांभाळूक हाडलेली, इतक्याच." ती हे रडत सांगत नव्हती. पंचवीस वर्षं सांगून सांगून तिच्यासाठी ते गुळगुळीत झालं होतं. "भावान रवाक दिल्यान, तेचे उपकार. आता तेचे झील नको म्हणतत. वकील बोललो, नवीन नक्कल जोडा, कायतरी बघूया. ही घेवा जुनी, नंबर तरी गावतलो."

तिने पिशवीतून चार घड्यांचा कागद काढला. मी उलगडला आणि मला माझंच अक्षर दिसलं. माझ्या तिशीतलं, काळ्या शाईचं, एक शिरोरेघ वाकडी नाही. खाली माझी सही आणि शेजारी त्या गिरगावकरांची. इतक्या वर्षांनी माझीच नक्कल माझ्या टेबलावर परत आली होती. मला काय आनंद झाला, सांगते. बाईची कथा मी क्षणभर विसरलेच.

बस्ता काढला, शिवण सोडली, फोटो घेतला. कागदाच्या डोक्यावर नुसतं 'करारपत्र' होतं. आता रुजवात घ्यायची. पलीकडच्या टेबलावरच्या दोघांनी फोटो मूळ कागदाशी जुळवून दिला, त्यांना बाईची कथा माहीत नव्हती; फोटो बरोबर होता. तिथे थांबायला हवं होतं. पण माझ्या डोक्यात भलतंच शिरलं. मी मॅडमना हाक मारली आणि चार टेबलांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हटलं, "मॅडम, ही बघा माझी हातची नक्कल. तुमच्या कॅमेऱ्याशी हिची रुजवात घेऊया. बघू कोण जिंकतं." हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते याला.

मॅडम हसत आल्या. नियमाप्रमाणे माझी नक्कल त्यांनी वाचायची होती आणि मी पडद्यावरच्या फोटोवर बोट ठेवायचं होतं. त्या वाचू लागल्या, मध्येच म्हणाल्या, "काय अक्षर आहे हो, ताई." मी मानेनेच 'हं' म्हटलं.

"सदर मुलीस आम्ही आमच्या घरी सांभाळण्यासाठी आणले असून," मॅडमनी वाचलं. माझं बोट त्या ओळीवरून सरकत खालच्या ओळीवर गेलं. तिचीही सुरुवात 'सदर मुलीस' अशीच होती. मॅडम वाचत होत्या, "सदर मुलीस लिहिणे-वाचणे शिकविण्याची जबाबदारी आमची राहील." माझ्या बोटाखाली ते नव्हतं. माझ्या बोटाखाली होतं, 'सदर मुलीस तिच्या जन्मदात्या आईवडिलांनी आपखुशीने दत्तक दिले व आम्ही दत्तक घेतले असून'. लिहिण्या-वाचण्याची ओळ त्याच्याही खाली होती. तिची सुरुवातही 'सदर मुलीस'.

नकला करणाऱ्या कोणालाही विचारा, तो सांगेल. कायद्याच्या कागदात 'सदर' या शब्दासारखा दुसरा खड्डा नाही. डोळा मूळ कागदावरून आपल्या पानावर येतो, एक ओळ लिहितो, परत जाताना 'सदर' शोधतो आणि खालच्या 'सदर'वर उतरतो. मधली ओळ जाते. वाक्य मात्र तुटत नाही, म्हणून वाचणाऱ्याला संशय येत नाही. नवीन लोकांना मी हे स्वतः शिकवलं होतं. दत्तक हा शब्द त्या आख्ख्या कागदात त्या एकाच ओळीत होता.

मॅडम पुढे वाचत राहिल्या. त्यांच्यासमोर फोटो नव्हता, त्यांना काही कळलं नव्हतं. बाई खुर्चीत पिशवीची घडी घालत होती. मी प्रामाणिकपणे सांगते, मला त्या वेळी गप्प राहावंसं वाटलं. फोटोप्रत बरोबर होती. ती बाईच्या हातात दिली की तिचं काम होणार होतं. तिच्या वकिलाला ती ओळ दिसणार, तिला खोली मिळणार, जुना कागद कचऱ्यात जाणार. कोणाचंही नुकसान नव्हतं. म्हणजे यापुढे नव्हतं.

"थांबा," मी म्हटलं. "मी हरले."

मॅडमना वाटलं एखादा काना-मात्रा. मी त्यांना पडदा दाखवला. त्यांचा चेहरा उतरला. मग मी खुर्ची बाईच्या समोर ओढून बसले. मला क्षमा मागायची सवय नाही, त्यामुळे मी गोल गोल काही बोलले नाही. म्हटलं, "ताई, ही जुनी नक्कल मी लिहिलेली आहे. यात माझ्याकडून एक ओळ गळली. ती ओळ मूळ कागदात आहे. तुम्हाला दत्तक घेतलेलं आहे."

तिने पिशवी मांडीवरून खाली ठेवली. मला वाटलं आता ही मला शिव्या देईल आणि दिल्या तर मी ऐकून घेणार होते. ती म्हणाली, "काय लिवलाहा? वाचा."

मी वाचली. ती म्हणाली, "परत वाचा." मी परत वाचली. तिसऱ्यांदा तिने सांगितलं नाही, मीच वाचली. मग ती अगदी हळू म्हणाली, "म्हणजे आवस खोटा बोलूक नाय."

खोलीचं तिने नावही काढलं नाही. पंचवीस वर्षं ती बाई आपल्या आईला खोटारडी समजत होती आणि तिला तसं समजायला मी लावलं होतं, सुंदर अक्षरात. मला स्वतःची इतकी लाज कधी वाटली नव्हती.

मॅडमनी फोटोचा खालचा भाग पडद्यावर मोठा करून तिला दाखवला. माझ्या नकलेत तिथे 'निशाणी डावा अंगठा' असे तीन शब्द होते, कारण अंगठा हाताने उतरवता येत नाही. फोटोत खरा अंगठा होता, निळसर, एका कडेला जरा पसरलेला. शेजारी तिला जन्म देणाऱ्या आईचं नाव होतं. तो अंगठा ती बराच वेळ बघत होती. आम्ही कोणी तिला घाई केली नाही.

ती फोटोप्रत घेऊन गेल्यावर मॅडम म्हणाल्या, "ताई, तुम्ही इश्यू करू नका. बरोबर कॉपी दिलीय, विषय संपला. जुन्याचं कोण विचारतंय?"

"भावाच्या मुलांचा वकील विचारेल," मी म्हटलं. "दोन नकला, दोन्हींवर आपलाच शिक्का. मग खरी कुठली? तो म्हणणार, फोटोत हल्ली काय वाटेल ते करता येतं. हातची नक्कल जुनी, तीच खरी."

मॅडमना ते पटलं होतं, फक्त माझी निवृत्ती दहा महिन्यांवर होती आणि त्यांना माझी काळजी वाटत होती. मला नव्हती. चूक केली तेव्हा खाली सही ठोकली होती, मग कबूल करताना हात का आखडायचा?

मी कोरा कागद घेतला आणि हाताने निवेदन लिहिलं. अमुक क्रमांकाच्या कागदाची नक्कल मी केली, तीत अमुक ओळ माझ्या हातून गळली, रुजवात प्रत्यक्षात घेतली गेली नव्हती आणि याला कारण मी, कारण माझी नक्कल कोणी तपासलेली मला खपत नसे. ज्यांनी न वाचता सही केली त्यांच्यावर मी काही ढकललं नाही. आख्ख्या निवेदनात 'सदर' हा शब्द एकदाही घातला नाही. मग मॅडमना म्हटलं, "याची रुजवात घ्या." त्यांनी घेतली, बोट ठेवून, शब्द न् शब्द. खाली दोघींच्या सह्या झाल्या. त्या पानाचा फोटो मी स्वतः काढला आणि शिक्क्यासकट छापलेली प्रत दुसऱ्या दिवशी लालबागला तिच्या चाळीत नेऊन दिली. तिच्या खोलीत फार सामान नव्हतं. आईचा फोटो भिंतीवर होता आणि त्याला त्या दिवशीचा ताजा हार होता.

माझ्यावर चौकशी बसली. शेवटी लेखी समज मिळाली, टाईप केलेली, शुद्धलेखनाच्या दोन चुकांसकट. त्या मी लाल पेनने दुरुस्त केल्या आणि कागद फाईलला लावला. तेवढा हक्क मी अजून सोडलेला नव्हता.

सुनावणीच्या तीन आठवड्यांनी ती परत आली. खिडकीतूनच तिने यादी पुढे केली. तिच्या खोलीपुढे तिचं नाव लागलं होतं आणि नात्याच्या रकान्यात 'मुलगी' असं छापलं होतं. मी तिला आत बोलावलं, चहा मागवला. माझं निवेदन तिने पिशवीत जपून ठेवलेलं होतं. ते काढून तिने टेबलावर पसरलं आणि त्यावरून हात फिरवला.

"अक्षर मात्र बरा आसा तुमचा," ती म्हणाली. तिच्या बोलण्यात टोमणा नव्हता. "म्हणान तर तेवा कोणाक संशय इलो नाय."

वडिलांना हे ऐकवायला हवं होतं. मी तिचा चहा तिच्यापुढे सरकवला. तिने तो संपवला. मग ती गेली आणि मी पुढच्या फोटोप्रतीच्या रुजवातीला बसले. मॅडम वाचत होत्या आणि माझं बोट प्रत्येक ओळीवर होतं.